नोराबाईंच्या आजोबांचा लंडनमधला सत्कार

विहीणबाई, आधी बातमी सांगते, रडायचं काय ते मग बघू. रांग तुमच्या फाटकातून निघाली, उतार उतरून पबला वळसा घालून गेली आणि तिचं शेपूट पार बोटीच्या धक्क्याच्या रस्त्याला लागलं! तुम्ही आपल्या बैठकीच्या खोलीत निळं कार्डिगन घालून, बोटांत जपमाळ गुंडाळून शवपेटीत निवांत पडलेल्या आणि बाहेर अर्धं रिंगास्किडी गाव भुरभुर पावसात उभं. मला काही राहवेना. दोनदा तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, अहो, जरा उठून बघा तरी. लोकांना वाटलं, इंडियन बाई मंत्र म्हणतेय. वाटू दे.

तुम्ही म्हणाला होतात, कोणी येणार नाही. म्हणजे तुमचं भाकीत साफ चुकलं. पण आपला तो चार वर्षांचा वाद मात्र तुम्ही जिंकलात, आणि तोही मी हजर असताना, माझ्या नाकावर टिच्चून. आता हे कबूल करायला समोर कोणी नाही, म्हणून कागदावर करते.

आठवतंय ना, कुठून सुरुवात झाली ते? २०१५च्या उन्हाळ्यात माझ्या मृणालचं आणि तुमच्या डोनलचं लग्न ठरलं. ती तुमच्या आयरिश मुलखात, कॉर्कला कॉम्प्युटरच्या कामात, तो इथल्या औषधाच्या कारखान्यात. दोघांचं छान चाललेलं, पण मी पुण्याहून निघाले ती छातीत धडकी घेऊन. तुम्ही वरमाय! मुलाची आई! माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या सासूबाई पापड गार वाढला म्हणून पानावरून उठल्या होत्या आणि माझ्या आईने पदर पसरून त्यांना परत बसवलं होतं. ते मनात इतकं बसलेलं की मी बॅगेत स्वेटरआधी रांगोळी भरली. लग्नाच्या आठवड्यात तुमच्याच स्वयंपाकघरात तुमची विहिणीची पंगत केली. तुमच्या त्या टेबलावर ताटाभोवती महिरप काढली, उदबत्ती लावली, पुरणपोळीवर तूप ओतलं, आणि जेवणाआधी तुमचे पाय धुवायला परात पुढे केली. तुम्ही मुकाट्याने मोजे काढलेत. मागाहून कळलं, तुम्हाला वाटलं होतं की आमच्यात लग्नाआधी सासूची काहीतरी तपासणी होते. पाय धुऊन झाल्यावर तुम्ही एकच शब्द बोललात. ग्रँड.

आणि मग तुम्हाला परतफेड करावीशी वाटली. मानाला मान. तुम्ही उठून गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट उघडलंत, ज्याला तुम्ही हॉट प्रेस म्हणता आणि जिथे चादरी उबेला ठेवता. चादरींच्या खालून एक फोटो काढलात, टॉवेलात गुंडाळलेला. तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी येशूपासून पोपपर्यंत कोणाचेही फोटो पाहिले असतील, पण हा कोणी पाहिला नव्हता. डोनलनेसुद्धा नाही.

"हे माझे आजोबा," तुम्ही म्हणालात. "तुमच्या मुलखात, खानदेशात कलेक्टर होते. रजेवर लंडनला गेले तेव्हा तिथे त्यांचा सत्कार झाला. बाजूचे सगळे महाराजे."

मी चष्मा लावला. आणि विहीणबाई, मी हसले. हसू नये तिथे, हसू नये तेव्हा. पण तुम्हीच सांगा, काय करणार होते मी? मागे पडद्यावर रंगवलेला महालाचा जिना, खांब आणि मखमली झालरी. तेवढ्यावर तुमच्या घरात त्याचं लंडन झालेलं. मधल्या खुर्चीत गुडघ्यापर्यंत हार घातलेला साहेब, घामाने कॉलर ओली झालेला. त्याच्या मांडीवर सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ. शेजारच्या तिवईवर गुलाबदाणी आणि पानाचं तबक. मागे छातीवर पितळी बिल्ल्याचा पट्टेवाला. आणि पुढे जाजमावर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, पागोटी घालून, अनवाणी बसलेले तुमचे महाराजे. त्यातल्या एका महाराजांच्या कानावर बोरू खोचलेला होता! फोटोची गडबड झाली असेल, लिहिता लिहिता उठून आले असतील बिचारे.

"नोराबाई, हे लंडन नाही. ही पानसुपारी आहे," मी म्हटलं. साहेबाची बदली झाली की कचेरी हार घालते, हातात नारळ देते, फोटो काढते आणि साहेब गेला की कामाला लागते. आणि हे कारकून आहेत. महाराजे इतके खाली बसत नाहीत, तेही असे घाबरून.

तुम्ही फोटो माझ्या हातातून घेतलात. भांडी पुसायच्या फडक्याने काच पुसलीत. तो परत चादरींखाली ठेवलात, दार लावलंत आणि विचारलंत, चहा घेणार का? तुमच्या देशात हा प्रश्न कधीकधी तोंडावर दार आपटल्यासारखा येतो, हे तोवर मला माहीत नव्हतं. गाडीत मृणाल स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. म्हणाली, आई, शनिवारी माझं लग्न आहे गं, तू चार दिवस थांबू शकत नव्हतीस? मी म्हटलं, बोरू दिसत होता. ती म्हणाली, आई, यू आर इम्पॉसिबल.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या पुरणपोळ्या घेऊन एकटी तुमच्याकडे आले. माफी मागायची असं ठरवून आले होते, पण माफी मागणं मला कधी नीट जमलेलं नाही. म्हणून मी त्याऐवजी माझी पानसुपारी सांगितली. तुमच्या आजोबांवर हसले ना, मग आता माझ्यावर हसा, फिटंफाट.

काय नग होते मी तेव्हा! बाविशीची. नवरा खानदेशातल्या एका तालुक्याचा मामलेदार आणि मी मामलेदारीणबाई. गावात माझ्याशिवाय हळदीकुंकू सुरू होत नसे. गणपतीतल्या नाटकाला पहिल्या रांगेत आमच्या खुर्च्या, आणि आम्ही येईपर्यंत पडद्यामागे राजा, राणी, विदूषक सगळे ताटकळत. भाजीवाली तोलून झाल्यावर वर एक वांगं टाकायची, ते मला माझ्या रूपाचं वाटायचं. शपथ! आरशात बघून मी नवऱ्याला म्हणाले होते, या लोकांचा माझ्यावर फार जीव आहे. ते दाढी करत होते. हसू आलं म्हणून हनुवटी कापली त्यांची.

मग एकदा मुंबईला थोरल्या जावेकडे गेले. गाडी स्टेशनात शिरताना मी पदर सारखा केला, खिडकीत मान जरा तिरकी धरली. कोणीतरी येणारच ना न्यायला, निदान एक शिपाई. फलाटावर कुत्रं नव्हतं. सामान उचलून घामाघूम होत घरी पोचले तर जाऊबाई म्हणाल्या, आलीस? बरं झालं. हा डबा घे आणि रॉकेलच्या रांगेत उभी राहा. रांगेत मी पुढच्या बाईला सहज कानावर घातलं की मी मामलेदारांची मिसेस. ती म्हणाली, मग तुमचा डबा मोठा असेल, मागे व्हा.

तुम्ही तेव्हा हसायला लागलात. आधी ओठ घट्ट मिटून, मग चहा नाकातून येईपर्यंत. मला एवढा धीर आला की मी पुढचंही सांगून टाकलं. आमची बदली झाली तेव्हाची पानसुपारी, मांडीवर नारळ घेऊन बसलेली मी, हेडक्लार्कने भाषणात डोळे पुसले म्हणून मी मोठ्याने काढलेला हुंदका. आणि नवे मामलेदार आमच्यासमोरच हजर झाले, तेव्हा त्यांच्या स्वागताच्या भाषणात त्याच हेडक्लार्कने त्याच रुमालाने पुसलेले तेच डोळे.

मग तुम्ही फोटो पुन्हा बाहेर काढलात. या वेळी टेबलावर, पुरणपोळीच्या डब्याला टेकवून ठेवलात. आणि आईने तुम्हाला कुजबुजत सांगितलेली गोष्ट तुम्ही मला सांगितलीत.

साहेब लंडनला खरंच गेले होते. बरोबर ट्रंक भरून कपडे. जिल्ह्यात ज्यांच्यापुढे गावंच्या गावं उठून उभी राहत, त्यांना वाटलं तिथेही कोणीतरी उठेल. ज्या मोठ्या कचेरीतून त्यांच्या जिल्ह्याचा कारभार हाकला जायचा, तिथे त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, साहेब जेवायला गेले. एका घरी मेजवानीचं बोलावणं आलं. तिथे यजमानीणबाईंनी त्यांना दाराजवळच्या टोकाला बसवलं आणि त्यांच्या कॉर्कच्या उच्चारांची गंमत म्हणून तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. बाकीच्यांनी वाघांविषयी विचारलं. तुमच्या आजोबांनी आयुष्य शेतसारा आणि कापूस यांत घालवलेलं, वाघ कुठला बघणार! पुढे बोलावणं आलंच नाही. भाड्याच्या खोलीत ते रोज सकाळी काळा कोट चढवून बसायचे, निरोप आला तर तयार असावं म्हणून. शेवटी कॉर्कची बोट धरली. घरी सगळे वाट बघत होते, कसा झाला सत्कार? तर त्यांनी ट्रंकेतून हा फोटो काढला.

"हार असलेला तेवढा एकच होता त्यांच्याकडे," तुम्ही म्हणालात.

आता हसायची पाळी माझी होती, पण मला हसू आलं नाही. मांडीवर नारळ घेतलेला तो माणूस मला एकदम माझा, अगदी माहेरचा वाटायला लागला. पुढे ते कायमचे घरी परतले तोवर तुमचा देश बदललेला होता, इंग्रज गेले होते. पबमध्ये त्यांच्या शेजारचं स्टूल रिकामं राहायचं. इंग्रजांचा माणूस. ते गेले तेव्हा तुम्ही एवढ्याशा होतात. चर्चमध्ये पहिल्या बाकावर घरची माणसं आणि मागे वळून पाहिलंत तर नुसती बाकं. ती बाकं तुम्ही मला अशी सांगितलीत की मी ती अजून बघू शकते. फोटो चादरींखाली का राहिला, ते तेव्हा कळलं. जिल्ह्यात देव, लंडनमध्ये कोणी नाही, आणि घरी त्याहून वाईट.

शनिवारी लग्नात आपण दोघी एका बाकावर बसलो. माझी साडी तुमच्या टोपीत अडकली होती, फोटोत दिसतं.

पण वाद तिथूनच सुरू झाला. मी म्हणायची, नोराबाई, माणूस माणसाकडे येत नाही, हुकूम आला की येतो. पट्टेवाला घरोघर फिरतो तेव्हा पानसुपारी भरते. तुम्ही मान हलवायचात आणि फिरून फिरून माझ्या वांगीवाल्या बाईवर यायचात. मीच सांगितली होती ना ती, हसवायला म्हणून. भाजीवाली नव्हे, मागच्या आळीतली यमुनाबाई. नळावरून माझं तिच्याशी रोजचं भांडण, मी मामलेदारीण आहे हे तिला कधी पटलंच नव्हतं. आमची जीप निघाली तर ही धावत आली, ओच्यात भरताची हिरवी वांगी घेऊन, आणि माझ्या मांडीवर ओतली. आणि मी शहाणी पट्टेवाल्याला काय विचारावं? हिला कोणी बोलावलं?

या गोष्टीला मात्र तुम्ही हसला नव्हतात. म्हणालात, समारंभाला आलेल्यांतलं तुम्हाला एकही नाव आठवत नाही, हिचं आठवतं.

मी म्हटलं, काहीतरी मागायला आली असेल.

"काय मागितलं?"

"मागायच्या आत जीप सुटली असेल."

"युअर वन विथ द ऑबर्जीन्स," म्हणजे ती वांगीवाली, असं तुम्ही तिला म्हणायचात आणि दर उन्हाळ्यात मी आले की पहिल्या चहाला चौकशी करायचात, जशी काही ती मागच्या गल्लीत राहते. नातीला झोळीत झोपवता झोपवता आपण भांडलो, ब्रेक्झिटच्या बातम्यांचा आवाज बारीक करून भांडलो. मृणाल म्हणायची, तुम्हा दोघींचा हा क्रॅक, ही गप्पांची मजा, काही औरच आहे, पन्नास वर्षांपूर्वीच्या वांग्यांवरून कोण भांडतं? तिला काय सांगणार? वांग्यांवरून नव्हतंच ते. तुम्हाला त्या रिकाम्या बाकांचं उत्तर हवं होतं, आणि मला ते द्यायचं नव्हतं. कारण यमुनाबाई खरंच माझ्यासाठी आली असेल, तर मग बाविशीची ती मूर्ख पोर तितकी मूर्ख नव्हती. आणि तिच्यावर हसण्यात तर माझं सगळं म्हातारपण मजेत चाललेलं.

या वर्षी आले तेव्हा तुम्ही खिडकीशी पलंग लावून घेतला होता. फ्रान्सची बोट सुटताना दिसावी म्हणून, असं म्हणालात. हात हातात घेतला तर नुसती चामडी आणि अंगठी. आवाज मात्र तोच. म्हणालात, माझ्या वेळी बाकं तशीच असणार, कलेक्टरची नात ना मी. मग डोळा मारलात. "तुम्ही आहात ना, मामलेदारीणबाई. माणसं तुम्हीच गोळा करा."

थट्टा होती, मला कळत होतं. पण मी ती आज्ञा धरली. तुम्ही गेलात आणि डोनल शवपेटीचं, चर्चचं बघायला धावला, तेव्हा मी चष्मा लावून इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं. सर्वांनी दर्शनास उपस्थित राहावे. इथे पांढरे नव्हे, काळे कपडे चालतात. अनुपस्थितीचे कारण मला व्यक्तिशः कळवावे. मृणालने वाचलं मात्र, आई, काय आहे हे, म्हणत फोन घेतला आणि क्षणात पुसून टाकलं. मी रुसून बसले. कोणी वाचलं, कोणी नाही, कळायला मार्ग नव्हता. तुमच्यासाठी एक काम करायला घेतलं, तेही अर्धवट.

संध्याकाळी दार उघडलं. मी मनातल्या मनात बाकं मोजायची तयारी करून बसले होते आणि आधी आली ती सँडविचेस! ताटंच्या ताटं, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, मग फळकुटासारखे केक, मग किटल्या, मग माणसं. मला घरच्यांच्या ओळीत डोनलशेजारी उभं केलं. एकेक येतो, हात हातात घेतो, सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणतो आणि पुढे सरकतो. विहीणबाई, मामलेदारीणबाई असताना इतके हात कधी आले नव्हते माझ्या हातात! खांदा भरून आला तरी मी ओळ सोडली नाही. काठी टेकत एक म्हातारबाबा आले. डोनलला म्हणाले, तुझ्या आईच्या आजोबांच्या वेळी माझे वडील घराबाहेर पडले नव्हते. आणि त्याचा हात इतका वेळ धरून राहिले की मागची रांग थांबली.

आणि मग दारात मराठी चेहरे दिसायला लागले. एक, दोन, पाच! माझी छाती फुगली. मृणालकडे मी असा कटाक्ष टाकला की बघ, वाचलंच लोकांनी. त्यांच्यात नागपूरची केतकी होती, डोनलच्याच कारखान्यातली. मी तिला बाजूला घेतलं, शाबासकी द्यावी म्हणून.

"मेसेज मिळाला ना?"

"कुठला मेसेज, काकू?"

ती रडत होती. म्हणाली, मी नोराची लर्नर ना. इथे पक्कं लायसन्स मिळेपर्यंत शेजारी लायसन्सवालं माणूस बसवावं लागतं. कोण बसणार, सगळे आपापल्या कामात. मग नोरा बसायची, दर रविवारी. "पहिल्या राउंडअबाउटला मी आत शिरले आणि बाहेरच पडता येईना, काकू. गोल गोल फिरतेय, मागून हॉर्न, मी रडतेय. ती म्हणे, फिर बाई, घाई काय आहे, इथून बोटी छान दिसतात."

मी दाराकडे पाहिलं. तिच्या मागे एक पोलिश जोडपं, त्यांच्यामागे ब्राझीलची उंच मुलगी, मग आपला एक मुलगा, मेनूथच्या कॉलेजात शिकून इकडे कामाला लागलेला, बसने आलेला. सगळे तुमच्या शेजारी बसून गाडी शिकलेले. दर उन्हाळ्यात इथे राहून गेले मी, आणि रविवारी दुपारी तुम्ही कुठे जाता हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला वाटायचं, झोपत असाल. पट्टेवाला कुठेच नव्हता, विहीणबाई. मी शोधला. रांगेच्या टोकापर्यंत जाऊन आले, छत्री घेऊन.

सकाळी झाकण लावायच्या आधी डोनलने विचारलं, कोणाला काही ठेवायचंय का. मी पिशवीतून नारळ काढला. कॉर्कच्या आशियाई दुकानातून आणलेला, शेंडी ठेवून सोललेला. फादरनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नारळाकडे, आणि जरा मागे सरकले. मी तो तुमच्या हाताशी, जपमाळेला लागून ठेवला. फोटो चादरींखालून काढून बैठकीच्या भिंतीवर लावलाय. खाली काय लिहायचं, डोनलने विचारलं. मी म्हटलं, खानदेश, पानसुपारी. कानावरचा बोरू नातीला दाखवला. ती म्हणाली, ही लुक्स स्केअर्ड.

भरताची वांगी तुम्ही कधी खाल्ली नाहीत, ते मात्र राहिलं. ती इथे मिळतच नाहीत. यमुनाबाईने दिलेली मी खाल्ली होती, नव्या गावी पोचल्यावर त्याच रात्री, भाजून, ठेचून, भरपूर तेल घालून. चांगली होती. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण मग तुम्ही जिंकला असतात.

आणि हो, तो नारळ. तो द्या म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.